गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस

चाकूरच्या बसस्टँडवर मी जी हाक मारली, ती मारायला नको होती. पण गाडी चहाला थांबलेली, मी लातूरला शिकवणीच्या वर्गावर व्याकरणाचा तास घ्यायला निघालेलो, आणि समोर लिंबाखाली, सायकलच्या दुकानापाशी, आमचे गुरुपादप्पा साध्या कपड्यांत उभे. ओळखीचा माणूस अनोळखी कपड्यांत दिसला की माझा आवाज आपोआप चढतो.

"ओ अप्पा! आज कुणाच्या पोराची चौकशी?"

अप्पा त्या वेळी सायकलवाल्याशी शेळीच्या भावाबद्दल बोलत होते. शेळी हे निमित्त होतं. आणि शेजारच्या बाकावर बिडी ओढत ते बोलणं ऐकणारा गृहस्थ नेमका त्याच पोराचा बाप होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे, मग शेळी कुठं दिसते का ते पाहिलं. नंतर बिडी विझवून उठला आणि म्हणाला, "चौकशी करायची तर घरी चला की पाव्हणे. इथं उन्हात कामून?"

घरी नेऊन त्याने आम्हाला सुशीला खाऊ घातली. मुरमुरे चांगले भिजलेले, वर शेंगदाणे आणि लिंबू. मी दोनदा घेतली. अप्पांनी एकदाच घेतली, पण ती औषध घेतल्यासारखी. माझी गाडी निघून गेली होती, म्हणून पुढच्या गाडीने आम्ही बरोबरच लातूरला आलो.  स्टँडवर उतरल्यावर अप्पा म्हणाले, "मास्तर, तुमी भोंगा लावून हिंडता."

नंतर कळलं, की ज्या घराची चौकशी त्या घरचं काही तोंडात घालायचं नाही, असा अप्पांचा नियम. मुलीच्या बापाला त्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "माझ्या पोटात त्यांची सुशीला हाय. आता मी काही बोलणार न्हाई. दुसरा माणूस बगा." त्या सोयरिकीचं पुढे काय झालं, मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही.

गुरुपादप्पा मिटकरी हे लातूर–नांदेड गाडीचे कंडक्टर. निवृत्ती जवळ आलेली. आमच्या भागात सोयरीक पत्रिकेवर कमी आणि चौकशीवर जास्त जमते. शेती किती, नोकरी कायमची की कंत्राटी, हे पोराकडचे स्वतःच सांगतात. विचारलं नाही तरी सांगतात. त्यातून जे उरतं, म्हणजे पोरगा पितो का, सासू कशी आहे, आधी कुठं जमून मोडलं का, ते काढून आणायला माणूस पाठवावा लागतो. या कामाला कंडक्टरइतका सोयीचा माणूस नाही. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड अशी अप्पांची रोजची माळ. तिकीट फाडता फाडता, म्हणजे आता मशीनमधून काढता काढता, लोक त्यांच्या कानाशी येऊन म्हणत, "अप्पा, लोह्याला एक स्थळ आलंय. जरा बगा की." अप्पा बघत. या कामाचा ते कुणाकडून काही घेत नसत.

दिसायला उंच. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात रेग्झिनची काळी पिशवी. चौकशीला जाताना खाकी शर्ट त्या पिशवीत जाई आणि पिशवीतला चुरगळलेला पांढरा शर्ट अंगावर येई. वेषांतर एवढंच. उभं राहण्याची एक खास तऱ्हा होती: पाय फाकवून, गुडघे किंचित सैल. सारी हयात चालत्या गाडीत उभं राहिल्यामुळे त्यांचा जमिनीवरही भरवसा उरला नव्हता. ती कधीही ब्रेक मारील असं त्यांना वाटे.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी बिदरला दिलेली. लातूरच्या घरी रात्री कुलूप काढायचं आणि सकाळी लावायचं, एवढाच संसार. आणि दमलेला माणूस. गाडीने दमत नसत, चौकशीने दमत. एकदा मला म्हणाले होते, "मास्तर, माणसाबद्दल चार घरी इचारलं की एक घर तरी वंगाळ बोलतंच. कोणीच न्हाई बोललं तर पाठवणाऱ्याला वाटतं, ह्यानं नीट इचारलं न्हाई."

तर अशा अप्पांना लातूरच्या ईश्वरप्पांनी बोलावलं. ईश्वरप्पा डाळमिलवाले. बायको वारलेली, दोन्ही पोरं लग्न होऊन आपापल्या बायकांच्या हाताखाली. घरात बोलायला कोणी नाही म्हणून ईश्वरप्पांनी या वयात दुसरं लग्न करायचं काढलं होतं. स्थळ नांदेडचं. कलावतीबाई, रेल्वेच्या ऑफिसात कारकून, विधवा, मूलबाळ नाही, पन्नाशीच्या अलीकडे. आई लातूरला असते. नात्यातल्याच कुणीतरी सुचवलेलं.

"गुरुपाद, तू एकदा बघून ये," ईश्वरप्पा म्हणाले. "या वयात फसायचं म्हणजे सुधारायला येळ बी उरत न्हाई."

अप्पा गेले. नांदेडला गाडी लावली की परतीच्या फेरीला दोनेक तास असत. रेल्वे ऑफिसच्या मागच्या बाजूला बाईंची गल्ली, गल्लीच्या तोंडाशी मडिवाळप्पाची इस्त्रीची गाडी. इस्त्रीवाला म्हणजे अर्धी चौकशी. कोणाच्या घरचे कपडे कमी झाले, कोणाच्या वाढले, त्याला सगळं ठाऊक. अप्पांनी शर्ट इस्त्रीला न देताच इकडचं तिकडचं विचारलं. दूधवाल्याला विचारलं. किराणा दुकानात बसलेल्या म्हातारीला विचारलं. सगळे म्हणाले, बाई चांगली. म्हातारीने एकच तक्रार केली, की बाई उधारी ठेवत नाही, त्यामुळे दुकानात येऊन बसत नाही.

काम झालं होतं. अप्पा निघालेही होते. तेवढ्यात कलावतीबाई ऑफिसातून आल्या, हातपाय धुऊन फाटकाच्या आतल्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या आणि शेजारी मोबाइलवर काहीतरी लावून ठेवलं. काय होतं ते अप्पांना ऐकू आलं नाही. पण बाई हसल्या. एकट्याच, मोठ्याने, मान मागे टाकून. आणि हसून झाल्यावर कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं नाही. पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

अप्पांनी आयुष्यभर माणसं पाहिली होती, ती बहुतेक कोणीतरी बघतंय या धास्तीने वागणारी. ज्याला कोणी बघत असल्याचं भानच नाही असं माणूस त्यांनी फार पाहिलं नव्हतं. ते गाडी सुटायच्या वेळेपर्यंत तिथेच उभे राहिले.

ईश्वरप्पांना जाऊन म्हणाले, "बाई चांगली हाय." आणि मग स्वतःलाही अपेक्षा नसताना म्हणाले, "पण आणखी जरा बगतो."

त्यांनी आणखी जरा बघितलं. मग आणखी जरा. नांदेडची फेरी असली की गाडी लावायची, शर्ट बदलायचा आणि गल्लीच्या तोंडाशी जायचं. इस्त्रीच्या टेबलाला टेकून मडिवाळप्पाशी हवापाण्याचं बोलायचं. बाई पायरीवर दिसल्या तर बघायचं, नाही दिसल्या तर त्या आत असतील असं समजून बघायचं.

याच सुमारास मी त्यांना एक सिनेमा दाखवला. नांदेडला आमचं हौशी लोकांचं सिनेमा मंडळ आहे. संध्याकाळी एका कॉलेजच्या सभागृहात आम्ही जुने परदेशी सिनेमे लावतो. प्रेक्षक नऊ-दहा आणि पंखे दोन. त्या दिवशी अप्पांची गाडी दुरुस्तीला उभी होती, म्हणून मी त्यांना ओढून नेलं. सिनेमा कृष्णधवल. एक हॅटवाला गुप्तहेर. त्याला एका बाईवर नजर ठेवायला कोणी पैसेवाल्याने सांगितलेलं. बाईने नवऱ्याचा खून केलाय की नाही, हे शेवटपर्यंत कळू नये अशी सोय. सारखा पाऊस आणि सिगारेटचा धूर.

अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण धंदा त्यांच्या ओळखीचा होता. पहिला अर्धा तास ते मोठ्याने शेरे मारत होते.

"हा पावसात कामून भिजून राहिला? शेजारणीला इचार म्हणावं."

"अप्पा, हळू."

"आन हॅट कामून घातली? अख्ख्या गल्लीत ह्याच्या एकट्याच्या डोक्यावर हॅट हाय. लेकरू बी ओळखंल."

पुढची रांग मागे वळून बघायला लागली. मग सिनेमात तो गुप्तहेर पुन्हा त्या बाईच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला, आणि अप्पा गप्प झाले. बऱ्याच वेळाने मला कोपर मारून म्हणाले, "मास्तर, ह्याला दुसऱ्यांदा कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

"मंग हा आला कामून?"

"अहो, प्रेम बसलं त्याचं. संशयही आहे आणि प्रेमही आहे, तीच तर गंमत."

अप्पांना त्यात काही गंमत वाटली नसावी. त्यांनी पिशवी उचलली. शेवट तरी बघा, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "ह्याच्या शब्दाला आता कोण इचारतं?" आणि गेले. गाडी दुरुस्त झाली असेल, असं मी समजलो. मी व्याकरण शिकवतो. माणसं मला उशिरा कळतात. पुढचं सारं मला अप्पांनीच सांगितलं, लोहा ते अहमदपूर, अहमदपूर ते चाकूर, असं तुकड्या-तुकड्यांनी.

थोड्याच दिवसांत ईश्वरप्पांचा निरोप आला. अप्पा डाळमिलवर गेले. ईश्वरप्पांचा चेहरा उतरलेला. नांदेडहून कुणा हितचिंतकाचा फोन आला होता. हितचिंतक नाव सांगत नसतातच. फोनवर म्हणाला होता, की बाईच्या गल्लीत एक माणूस येऊन उभा राहतो, बाईच्या घराकडे बघत. नेहमीचं आहे. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"आन तू म्हणतो, बाई चांगली हाय," ईश्वरप्पा म्हणाले. "तुला कसा दिसला न्हाई हा माणूस?"

अप्पांना खरंच दिसला नव्हता. इतका वेळ तिथं उभं राहून आपल्या नजरेतून कोण सुटला, हेच त्यांना कळेना. आणि रागही आला. तो कोण, याचा. आणि ती त्याला बघून हसत असेल का, याचा.

"तो कोण हाय ते काढ, गुरुपाद. मगच मी हो-न्हाई सांगतो."

दुसऱ्या दिवशी नांदेडला गाडी लागली तशी अप्पा तडक इस्त्रीच्या गाडीपाशी गेले. मडिवाळप्पा कोळसे फुंकत होता.

"काय रे मडिवाळप्पा, इथं म्हणं कोणी माणूस येऊन उभा राहतो?"

"राहतो की."

"तुला मालूम हाय? मंग मला कधी बोलला न्हाईस."

"तुमाला काय बोलायचं?"

"कसा हाय दिसायला?"

मडिवाळप्पाने इस्त्री खाली ठेवली. "उंच हाय. कपाळाला भस्म. हातात काळी पिशवी. उभा राहतो तर असा, पाय फाकवून, भुईच हलणार हाय म्हणून. आन शर्ट येवढा चुरगळलेला, की माझ्यासारख्याला बघवत न्हाई."

अप्पांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग ते हळूच जवळ घेतले.

"कधी येतो?"

"आत्ता आलाय की."

 कोळशातून एक ठिणगी उडाली, ती मडिवाळप्पाने बोटाने चिरडली.

"तू फोन केलास का लातूरला?"

"मी कामून करू? मला तर वाटलं, तुमचं दोघांचं आतून जमून राहिलंय."

"आन गल्लीला?"

"गल्लीला बी तेच वाटतं."

दुसऱ्यांची गुपितं काढून आणणारा माणूस स्वतःच कुणाच्या तरी बदनामीचं कारण होऊन बसला होता. आणि बदनामी त्याची नव्हती. तो आज गाडीत बसून लातूरला निघून गेला असता. नाव जाणार होतं ते पायरीवर बसणाऱ्या बाईचं.

मग अप्पांच्या मनात एक विचार आला. तो सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेरच्या सोयाबीनकडे पाहिलं. ईश्वरप्पांना नुसतं सांगायचं: माणूस सापडला न्हाई. एवढ्यावर भागत होतं. सापडलेला माणूस भाऊ निघू शकतो, वीजवाला निघू शकतो. न सापडलेला माणूस मात्र यारच असतो. सोयरीक तिथेच मोडली असती. पुन्हा त्या बाईला कोणी विचारायला आलं नसतं. आणि मग एक दिवस, जरा दम खाऊन, इस्त्री केलेला शर्ट घालून...

"लई वंगाळ विचार होता, मास्तर," अप्पा म्हणाले. "पण आला."

तो विचार तिथेच कोळशांजवळ सोडून ते गल्लीत शिरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत गेले. बाई पायरीवर शेंगा सोलत होत्या. फाटकाशी सावली पडली तशी वर न बघता म्हणाल्या, "या. आज बाहेर जागा मिळाली नाही का?"

अप्पा फाटकाबाहेरच थांबले. "बाई, तुमाला मालूम होतं?"

"लातूरच्या गाडीत आईकडं जाते मी महिन्याला. तुम्हीच तर अर्धं तिकीट देता. कंडक्टर ओळखू येणार नाही का? आधी वाटलं, इथं कोणी नातेवाईक असतील. कोणाकडून येऊन राहिलात?"

"ईश्वरप्पांकडून. चौकशीला."

"दर वेळी त्यांनीच पाठवलं?"

"न्हाई. एकदाच."

"मग बाकीच्या वेळी कोणी पाठवलं?"

सबंध हयात प्रश्न विचारण्यात गेलेल्या माणसाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शेवटी म्हणाले, "कोणी न्हाई. मीच आलो."

"कशाला?"

"तुमी हसता. एकट्याच. बरं वाटायचं."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ऑफिसात बायका मला बघून गप होऊन राहिल्यात. कामून ते कळत नव्हतं. आज कळलं." त्यांनी सोललेले दाणे ताटलीतून भांड्यात ओतले. "आता इथं बसून नाही हसायची मी. घालवलंत तुम्ही ते."

अप्पा म्हणाले, "मी ईश्वरप्पांना सांगतो. इथं उभा राहतो म्हणून ज्याचा त्यांना फोन आला, तो माणूस मीच म्हणून."

"सांगा. तुमच्या तोंडानं सांगा. आणि जाता जाता इस्त्रीवाल्यालाही सांगा. तिथूनच सुरू झालंय."

मडिवाळप्पाच्या गाडीपाशी तिघंचौघं कपडे घेऊन उभे होते. अप्पा त्यांच्यासमोर, गाडी सुटताना गावांची नावं पुकारतात त्या आवाजात म्हणाले, "मी लातूरचा कंडक्टर. बाईच्या स्थळाच्या चौकशीला आलतो. बाईचं-माझं काही न्हाई. एका येळेत भागलं असतं, मी खामखा येत राहिलो."

"कामून?" मडिवाळप्पाने विचारलं.

"तुला काय करायचं? इस्त्री कर."

लातूरला डाळमिलवर ईश्वरप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मिलचा धुरळा दोघांच्या अंगावर सारखाच बसत होता. ईश्वरप्पा आधी हसले, सुटका झाल्यासारखे. मग थांबले.

"पण गुरुपाद, तुला इतक्यांदा जायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी न्हाई."

"मंग तुझ्या मनात काही होतं?"

"होतं."

"आन तिच्या?"

"तिला फक्त तरास होता."

ईश्वरप्पा भला माणूस. त्यांनी अप्पांचा शब्द मानला. पण पोरांना, सुनांना विचारून घेऊ म्हणाले. एखादा दुसरा माणूस पाठवून पुन्हा एकदा बघून घेऊ म्हणाले. दुसरा माणूस गेला, तो गल्लीत न रेंगाळता थेट बाईंच्याच दारात गेला. कलावतीबाईंनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि त्याच्याच हाती नकार धाडला. म्हणाल्या, "ज्या घरात चौकशीवर चौकशी लागते, तिथं भाजीत मीठ कमी पडलं तरी माणूस पाठवतील. मला नाही जमायचं."

तेव्हापासून अप्पांनी चौकशी सोडली. रस्त्यावरच्या लोकांना अजून पटत नाही. परवाच अहमदपूरला एक गृहस्थ त्यांच्या कानाशी लागले, "अप्पा, एकच स्थळ, शेवटचं." अप्पा म्हणाले, "पोराबद्दल पोराला इचारा, पोरीबद्दल पोरीला इचारा. मला फक्त तिकीट इचारा."

मी त्याच गाडीत होतो. कलावतीबाईही होत्या, आईकडे निघालेल्या, डाव्या बाजूच्या खिडकीशी. अप्पा त्यांच्यापाशी गेले. बाई म्हणाल्या, "लातूर, एक." अप्पांनी मशीनमधून अर्धं तिकीट काढून दिलं. दोघांचं बोलणं एवढंच. लातूरच्या स्टँडवर बाई उतरून आईच्या घराकडे चालायला लागल्या, आणि अप्पा रिकाम्या गाडीत माझ्या शेजारी येऊन बसले. पायांतल्या चपला काढल्या. डोळे मिटले. इतका थकलेला माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता, आणि मला त्यांची फार दया आली. अशा वेळी गप्प बसावं हे मला कळतं, पण जमत नाही.

मी सुरुवात केली. म्हटलं, अप्पा, आता तुमच्यामध्ये कोण आहे? ईश्वरप्पा गेले. गल्लीचं तोंड तुम्हीच बंद केलंत. तुम्ही खरं बोललात, हे त्यांनी पाहिलंय. त्याची किंमत बाईमाणसाला कळते. वयाचं मनावर घेऊ नका. एकटेपणाला काही निवृत्ती नसते, पेन्शन नसतं. आणि तसं पाहिलं तर, दूधवाल्याला विचारलंत, किराण्यातल्या म्हातारीला विचारलंत, इस्त्रीवाल्याला दहादा विचारलंत. जिला विचारायचं तिलाच तेवढं विचारायचं राहिलं. एकदा विचारून तर बघा! मी आणखीही बरंच बोललो असतो, पण अप्पांनी डोळे उघडले, खाली वाकून चपला पायांत घातल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"इचारलं, मास्तर. न्हाई म्हणली."